मावशीचा डावा कान

माझ्या मावशीनं आयुष्याची ऐन उमेदीची वर्षं लोकांचे कॉम्प्युटर सुरळीत करण्यात घालवली, पण त्यांतल्या एकालाही तिनं कधी बोट लावलं नव्हतं. ती फोनवर बसायची. घरगुती कॉम्प्युटर विकणाऱ्या एका कंपनीचं मदतकेंद्र होतं. लांबलचक हॉल, राखाडी कापडाचे आडोसे, आणि प्रत्येक आडोशात एका कानाला हेडफोन लावून बसलेलं एकेक माणूस. मावशी खिडकीपासून सगळ्यात लांबच्या रांगेत बसायची, कारण तिथं रस्त्याचा आवाज येत नसे. बोलताना ती डोळे मिटून घ्यायची. नव्यानं आलेल्या साहेबाला वाटलं, बाई झोपल्यात. त्यानं खांदा हलवला, तर मावशीनं डोळे न उघडताच हातानं "थांबा" अशी खूण केली आणि फोनमध्ये म्हणाली, "आता मागची काळी वायर काढा. नाही नाही, ती टेबललॅम्पची. लॅम्प विझला ना? ती परत लावा. तिच्या शेजारची."

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. लग्नाच्या भानगडीत ती पडली नाही. आमच्याच घरात, जिन्याच्या बाजूच्या छोट्या खोलीत राहायची आणि रात्रीच्या जेवणाला दिवसभरातल्या फोनच्या गमती सांगायची. कुणाचं नाव-गाव न सांगता. एक बाई रडकुंडीला आली होती म्हणे, की पानावर मी काही लिहीतच नाही आणि पान आपोआप पुढे पुढे पळतंय. मावशीनं पंधरा प्रश्न विचारले, आणि शेवटी सहज विचारलं, "कीबोर्डावर काही ठेवलंय का हो?" ठेवलं होतं. जाडजूड शब्दकोशाचा कोपरा. एका आजोबांचा कॉम्प्युटर दुपारी अचानक बंद पडायचा. विजेच्या त्याच बोर्डाला त्यांची सून इस्त्री लावायची.

"तुम्ही काय केलंत?" हा प्रश्न ती कधीच विचारत नसे. "असं विचारलं की माणूस चोर असल्यासारखा गप्प बसतो," ती म्हणायची. ती विचारायची, "शेवटचा नीट कधी चालला होता?" मग माणूस आठवू लागतो, आणि आठवता आठवता काय बिघडलं ते स्वतःच सांगून टाकतो. तरीही अडलं, तर तिचं एक वाक्य ठरलेलं होतं: "एकदा पूर्ण बंद करा, एक मोठा श्वास घ्या आणि परत चालू करा." बऱ्याचदा तेवढ्यानं भागायचं. आईनं त्यावरून तिचं नाव रीस्टार्ट मावशी ठेवलं आणि ते सगळ्या बिल्डिंगमध्ये पसरलं.

मी एकदा विचारलं, बंद करून चालू केल्यानं असं काय होतं?

"ओट्यावर घरातली सगळी भांडी काढून ठेवली, तर सुरी टेकवायला तरी जागा उरेल का?" मावशी म्हणाली. "लोक एकेक काम उघडतात आणि तसंच टाकून पुढचं उघडतात. बंद केलं की ओटा मोकळा होतो. एवढंच. जादू काही नाही."

पण तिची खरी ताकद तिच्या कानात होती. कधीकधी ती लोकांना सांगायची, "फोन जरा त्या कॉम्प्युटरच्या डब्याजवळ न्या बरं." आणि ऐकायची. पंख्यात धूळ बसली की घरघर कशी येते, पंखा एका बाजूला झिजला की शिट्टी कशी वाजते, आणि आतली डिस्क मरायला टेकली की टक, टक, खर्र असा आवाज कसा येतो, हे तिला फोनवरून कळायचं. डिस्कचा आवाज आला की ती लगेच म्हणायची, "आता दुसरं काही करू नका. महत्त्वाचं जे असेल ते आधी दुसरीकडे उतरवून घ्या."

एका सकाळी मावशीनं पहिला फोन घेतला, तर लाइन मेलेली. तिनं वायर तपासली, जशी ती इतरांना तपासायला सांगायची. हेडफोन बदलून पाहिला. शेजारच्या बाईला विचारलं, तुझा चालतोय का? चालत होता. मग तिनं सहज हेडफोनची बाजू बदलली, आणि डाव्या कानात एक माणूस ओरडत होता, "हॅलो! अहो, कुणी आहे का तिकडे?" मावशीनं त्याची माफी मागितली, त्याचा प्रिंटर चालू करून दिला, आणि मगच उठून साहेबाकडे गेली. म्हणाली, "माझा उजवा कान बंद पडलाय."

कानाच्या डॉक्टरनं तिला भिंतींना गादी लावलेल्या छोट्या खोलीत बसवून तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या, आणि थोडंफार परत येईल असं सांगितलं. आलं ते फार थोडं. पाण्याखालून कुणी बोलावं तसं. शिवाय उरलेल्या एका कानावर दिवसभर हेडफोन नको, असंही त्यानं बजावलं.

कंपनीनं तिला काढलं नाही, हे खरं. तिला लेखी उत्तरांच्या विभागात बसवलं. तिथं वाक्यं तयारच असायची. योग्य ते निवडायचं आणि पाठवायचं. मावशीनं काही महिने ते केलं, आणि एक दिवस संध्याकाळी घरी येऊन पर्स खुंटीला अडकवत आईला म्हणाली, "सोडली."

"का गं? बसून तर काम होतं."

"मला त्यांचा श्वास ऐकू येत नाही. माणूस घाबरलंय की चिडलंय, ते त्या चौकटीत काही कळतच नाही. घाबरलेल्याला आणि चिडलेल्याला मी एकच वाक्य पाठवते. ते काही मला जमायचं नाही."

मग ती घरी बसली. आईची कपाटं आवरून झाली, दारांच्या बिजागऱ्यांना तेल देऊन झालं. जिन्यात कुणी उजव्या बाजूनं हाक मारली तर ती सरळ पुढे जायची, आणि लोकांना वाटायचं की बाई फार शिष्ट झाल्या. आईनं दोन-तीन घरी जाऊन खरं काय ते सांगितलं. मावशीला ते कळलं तेव्हा ती आईवर चिडली, आणि दुसऱ्या दिवशी तिनंच आईला म्हटलं, बरं केलंस.

आमच्या बिल्डिंगच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर मोजणीसाहेब राहायचे. जमिनी, रस्ते, नद्या मोजण्यात त्यांची नोकरी गेली होती, म्हणून ते नाव. उंच, सरळ, शर्टाचं वरचं बटण कायम लावलेलं. निवृत्त झाल्यावर ते घरी कॉम्प्युटरवर नकाशे काढत. एक दिवस जिन्यात त्यांनी आईला सांगितलं, "ते धूड मी आता भंगारात काढतोय. सकाळी चालू केलं की माझी दाढी, आंघोळ, नाश्ता होतो, तरी ते जागं होत नाही. म्हातारं झालंय. माझ्यासारखंच."

"आधी माझ्या बहिणीला दाखवा," आई म्हणाली.

मावशी जायला तयार नव्हती. आईनं तिला जवळजवळ ढकललंच. मीही बरोबर गेले. साहेबांची खोली त्यांच्यासारखीच होती. भिंतीवर लांबीप्रमाणे टांगलेल्या पट्ट्या, टोक करून ठेवलेल्या पेन्सिली, आणि टेबलाखाली कॉम्प्युटरच्या डब्यासाठी खास मापानं करून घेतलेलं लाकडी कपाट, दाराला छोटी कडी. साहेबांनी खुर्ची ओढून दिली. मावशी बसली. साहेब हात मागे बांधून तिच्या पाठीशी उभे राहिले आणि वाट पाहू लागले.

मावशीनं माऊसवर हात ठेवला. आणि पुढे काही झालंच नाही. तिचा हात तसाच राहिला. पडद्यावरची चित्रं तिच्याकडे बघत होती आणि ती त्यांच्याकडे. शेवटी ती उठली, "येते हं," म्हणाली आणि खाली निघून गेली.

साहेबांच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. त्या स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, तर साहेब म्हणाले, "गेल्या. त्यांना काही येत नाही." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी निघणार, तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला.

"नमस्कार," मावशीचा आवाज आला. काकूंनी स्पीकर लावला होता. "मी खालून बोलतेय. आता खुर्चीत तुम्ही बसा. बसलात? शेवटचा नीट कधी चालला होता?"

साहेब गोंधळून बसले. पण एकदा कुणी नीट प्रश्न विचारला की त्याचं नीट उत्तर द्यायचं, हे त्यांच्या रक्तातच होतं. "कपाट करून घेतलं त्याच्या आधी," ते म्हणाले, आणि स्वतःच थबकले.

"कुठलं कपाट?"

"ज्यात तो ठेवलाय. दिसायला बरं दिसत नव्हतं ना ते."

"दार उघडा आणि आत हात घालून बघा."

साहेबांनी हात घातला आणि झटकन मागे घेतला. "तापलाय की हो!"

"तापणारच. तुम्हाला लोकरीचं पांघरूण घालून कपाटात कोंडलं, तर तुम्ही तरी पळाल का? गरम झाला की तो जाणूनबुजून हळू चालतो. जीव वाचवतो आपला. आता बंद करा, वायर भिंतीतून काढा आणि डबा बाहेर ओढा. मागच्या जाळीवर काय दिसतंय?"

"काही दिसत नाही. जाळीच दिसत नाही."

"ती धूळ. काकू, मऊ ब्रश आहे का घरात? पंख्याची पाती बोटानं धरून ठेवा हं, गरगर फिरू देऊ नका. आणि खिडकीपाशी करा, नाहीतर सगळी घरात उडेल."

खाली आमच्या खोलीत मावशी पलंगाच्या कडेवर डोळे मिटून बसली होती, असं आईनं मला नंतर सांगितलं. वर साहेब शर्टाच्या बाह्या दुमडून जमिनीवर बसले होते. धुळीचा सशाएवढा मऊ गोळा निघाला. डबा कपाटाबाहेर, भिंतीपासून हातभर लांब ठेवून परत चालू केला. मग मावशीनं चालू होताना कोणकोणते प्रोग्रॅम आपोआप उठतात ते बघायला लावलं. साहेब एकेक नाव वाचत गेले. रेडिओ ऐकवणारं काहीतरी, पूर्वी कधीतरी घेतलेल्या कॅमेऱ्याचं काहीतरी, मोडीत काढलेल्या प्रिंटरचं काहीतरी.

"प्रिंटर गेला, पण त्याचा माणूस अजून रोज कामावर येतोय," मावशी म्हणाली. "त्याला सुट्टी द्या. रोज लागत नाही त्या सगळ्यांना सुट्टी द्या. नाव ओळखीचं नसेल त्याला मात्र हात लावू नका, आधी मला विचारा. आणि इंटरनेटवर वरच्या कडेला पानं किती उघडी आहेत?"

"मोजतो." साहेब पडद्यावर बोट टेकवत पुढे सरकले. "मोजता येत नाहीत. फार बारीक झालीत."

"बंद का नाही करत?"

"परत लागली तर?"

"परत लागली की परत उघडा. नकाशे काढून झाले की सगळे टेबलावर पसरून ठेवता का?"

काकू खुदकन हसल्या.

दुसऱ्या दिवशी साहेब स्वतः जिना उतरून आमच्या दारात आले. पहिल्यांदाच. मावशीच्या उजव्या बाजूला उभे राहून बोलू लागले, आईनं खूण केल्यावर डावीकडे आले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, "तोंड धुऊन येईस्तोवर चालू होतो आता." मग थोडं थांबून म्हणाले, "पण तुम्ही निघून गेलात, तेव्हा मी जरा जास्तच बोललो."

"मी ऐकलं नाही," मावशी म्हणाली. "त्याचा एक फायदा असतो."

तिथून मावशीच्या कामाला सुरुवात झाली. फोनवरून सगळं होत नाही हे तिलाही कळत होतं, पण खुर्चीत बसलं की तिचं डोकं चालायचं नाही. मग तिनं तिची एक पद्धत काढली. ज्याचा कॉम्प्युटर त्यानंच खुर्चीत बसायचं. मावशी शेजारी स्टूल घेऊन बसायची, डावा कान माणसाकडे करून, आणि पडद्याकडे न बघता विचारायची, "काय दिसतंय, सांगा." लोकांना आधी विचित्र वाटायचं. नंतर सवय झाली. वाचून दाखवता दाखवता लोक पडद्यावरचा मजकूर आयुष्यात पहिल्यांदाच खरोखर वाचायचे. तोवर चौकट आली की नुसतं "ओके" दाबायचे.

गल्लीच्या टोकाच्या बेकरीवालीच्या पडद्यावर एकदा लाल अक्षरांत आलं, की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये शिरकाव झालाय, ताबडतोब या नंबरवर फोन करा. पडदा किंचाळत होता. ती पिठाच्या हातानं नंबर फिरवणार, तेवढ्यात तिला मावशीची आठवण झाली. मावशीनं फोनवर एवढंच विचारलं, "कॉम्प्युटरला तुझ्याशी फोनवर बोलायची इतकी घाई का झालीय?" मग ते पान बंद करायला लावलं. होईना, तेव्हा बटण दाबून कॉम्प्युटरच बंद करायला लावला. आणि परत चालू केल्यावर, जुनी पानं उघडू का असं विचारलं तर नाही म्हणायला लावलं. एका घरात इंटरनेट सारखं तुटायचं, कारण त्याचा डबा दिसू नये म्हणून माशांच्या टाकीमागे लपवला होता. डबा कपाटावर चढवला आणि घरातलं भांडण मिटलं. लॅपटॉप गादीवर ठेवून वापरणाऱ्यांना ती म्हणायची, त्याचं नाक खाली आहे, ते दाबू नका. सगळंच बरं करता यायचं असं नव्हे. एका शिक्षिकेचा लॅपटॉप इतका जुना होता की मावशीनं सरळ सांगितलं, "ह्याच्यासाठी माझ्याकडे काही नाही. नवा घ्या, आणि ह्याला नुसती गाणी वाजवायला ठेवा."

साहेबांकडे मात्र तिचं जाणं-येणं वाढलं. साहेब एका नदीचा नकाशा काढत होते. तरुणपणी त्यांनी ती नदी, वरच्या डोंगरापासून समुद्रापर्यंत, पायी चालत मोजली होती. कुठं किती रुंद, कुठं वळते, कुठं बेट, सगळं. मूळ कागद ओल लागून बुरसटले होते. ते फेकण्याआधी साहेबांनी एकेक पान स्कॅन करून कॉम्प्युटरमध्ये घेतलं होतं, आणि आता त्यावरून ते स्वच्छ नकाशा रेखाटत होते. कुणी मागितला नव्हता. छापणारंही कुणी नव्हतं.

"ह्याची नक्कल काढून ठेवलीत ना?" मावशीनं एकदा विचारलं.

"दोनदोनदा," साहेब म्हणाले.

मावशीचं समाधान झालं.

काही महिन्यांनी साहेबांनी तिला वर बोलावलं. कॉम्प्युटर मध्येच रुसतो म्हणाले. नकाशा उघडताना थबकतो, मग चालतो. मावशी तिच्या ठरलेल्या जागी, स्टूलवर बसली. साहेब तिच्या डावीकडे, डबा उजवीकडे. तिनं सगळं विचारलं. जागा शिल्लक आहे का? आहे. कचऱ्याचा डबा रिकामा केला का? केला. डबा तापलाय? नाही. मागच्या जाळीवर धूळ? साहेब आता दर पंधरवड्याला ब्रश फिरवत. "मग मागे काहीतरी अपडेट चाललं असेल," मावशी म्हणाली. "आजचा दिवस चालूच ठेवा. त्याचं त्याला करू द्या."

साहेबांनी तो दिवस चालू ठेवला. त्याच्या दुसऱ्या दिवशीही ठेवला. तिसऱ्या दिवशी नकाशाचं एक पान उघडेचना, तेव्हा मावशी परत वर गेली. मीही होते. ती पुन्हा स्टूलवर बसली, पुन्हा विचारू लागली. काकू चहा घेऊन आल्या आणि ट्रे ठेवता ठेवता म्हणाल्या, "अहो, त्याची ती टकटक थांबवता येईल का? मला वाटलं शेजारी खिळे ठोकतायत. चार दिवस झाले."

मावशी ताडकन स्टूलवरून उठली, डब्यापाशी गुडघ्यांवर बसली, मान वाकडी करून डावा कान पत्र्याला लावला. आम्हा सगळ्यांना तो आवाज ऐकू येत होता. टक. टक. खर्र. आता काकूंनी म्हटल्यावर तर खोलीत दुसरं काही ऐकूच येईना.

"बंद करा," मावशी म्हणाली. "आत्ता."

साहेबांनी बंद केला. आणि मावशीनंच लावलेल्या सवयीनं एक मोठा श्वास घेऊन त्यांचं बोट परत बटणाकडे गेलं.

"नाही!" मावशी ओरडली. मी तिला आयुष्यात ओरडताना ऐकलं नव्हतं. "हात काढा. परत चालू करायचा नाही."

साहेबांनी बोट मागे घेतलं. मावशी जमिनीवरच बसून राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "डिस्क जातेय. पण तुमची नक्कल आहे ना? ती कुठंय?"

"त्यातच," साहेब म्हणाले. "एका फोल्डरमध्ये नक्कल, आणि शेजारच्या फोल्डरमध्ये नकलेची नक्कल."

काकूंना अर्थ कळला नव्हता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "काकू, दोन्ही चाव्या एकाच पर्समध्ये होत्या. पर्सच हरवायला आलीय."

"कुठे काढलीत, ते मी विचारलं नाही," मावशी म्हणाली. "आणि परवा मी इथंच बसले होते. डब्याला बहिरा कान लावून. फोनवर असते तर एका क्षणात ऐकलं असतं. वर तुम्हाला म्हटलं, चालूच ठेवा."

साहेब खिडकीपाशी जाऊन उभे राहिले. मग वळले. "तुम्हाला ऐकू आलं नाही. मला तर येत होतं," ते म्हणाले. "हिला येत होतं. आम्ही म्हटलं जुनं झालंय, वाजणारच. माझे गुडघेही वाजतात." आणि थोड्या वेळानं, "आता काय करायचं ते सांगा."

बस डेपोमागच्या रस्त्यावर एक दुरुस्तीवाला होता. अरुंद दुकान, छतापर्यंत उघडे डबे, आणि कपाळावर भिंग बांधलेला, कमी बोलणारा माणूस. मावशी त्याला मदतकेंद्राच्या काळापासून नावानं ओळखत होती. अशी गिऱ्हाइकं ती त्याच्याकडे पाठवायची. प्रत्यक्ष भेट त्या दिवशी झाली. साहेबांनी डिस्क रुमालात गुंडाळून दोन्ही हातांत धरून आणली होती. दुरुस्तीवाल्यानं ती कानाशी धरली, भिंग डोळ्यावर ओढलं आणि म्हणाला, "एकदा चालेल. कदाचित अर्धवट चालेल. जे पहिलं हवं ते आधी सांगा, मी तिथूनच सुरुवात करतो. मागून मन बदललं तर उपयोग नाही."

त्या डिस्कवर नदी होती, आणि परदेशातल्या मुलीचे, नातवंडांचे सगळे फोटोही होते. नदी म्हणावं तर कसं म्हणावं, आणि फोटो म्हणावेत तर… साहेबांची नजर काकूंकडे गेली.

"नदी घ्या," काकू दुरुस्तीवाल्याला म्हणाल्या. "फोटो पोरीकडे आहेत. तिनंच तर पाठवलेत. नदी दुसरीकडे कुठंच नाही."

"वरून खाली की खालून वर?" त्यानं विचारलं.

"उगमाकडून," साहेब म्हणाले. "मी तसाच चाललो होतो."

दुकानात बसायला एकच बाक होतं. तिघं त्यावर बसली, मी दाराशी उभी. दुरुस्तीवाला एकेक पान आलं की नुसती मान हलवायचा. साहेब पुटपुटत, आता पहिला पूल आला असेल, आता बेट. मावशी त्यांच्या शेजारी बसून होती आणि तिला ते पुटपुटणं ऐकू येत नव्हतं. साहेब तिच्या उजवीकडे बसले होते. तिचं सगळं लक्ष दुरुस्तीवाल्याच्या मानेकडे. बराच वेळ मान हलत राहिली. मग एकदा हलली नाही. त्यानं थोडं थांबून पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा थांबला, आणि भिंग कपाळावर सरकवलं.

"संपली," तो म्हणाला. "बरंच आलंय. शेवटची पानं नाही आली."

शेवटची पानं म्हणजे नदी समुद्राला मिळते तो भाग. मुख, वाळूचे दांडे, खाऱ्या चिखलाचं खाजण. फोटो तर एकही आला नाही, पण ते मुलीनं आठवड्याभरात परत पाठवले. वर पत्र लिहिलं, की बाबा, नकला कशा ठेवायच्या ते शिकून घ्या. साहेबांनी ते पत्र मुकाट्यानं वाचलं.

नवी डिस्क बसली. शिवाय मावशीनं एक वेगळी, हाताच्या पंजाएवढी डिस्क आणायला लावली. तिच्यावर नक्कल उतरवायची, आणि झाली की काढून दुसऱ्या खोलीत ठेवायची. ती काकूंनी शिवणकामाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, आणि दर आठवड्याला नक्कल काढायचं काम आपल्याकडे घेतलं. साहेबांना त्या हातही लावू देत नसत. मावशीचीही एक सवय बदलली. कुणाच्याही घरी गेली, की खुर्चीत बसलेल्याला विचारून झाल्यावर ती घरातल्या इतरांना हाक मारायची. स्वयंपाकघरातल्यांना, अंथरुणावरच्या आजीला, अभ्यास करणाऱ्या मुलीला. "तुम्हाला कुणाला काही वेगळं ऐकू आलं का?" आधी तिला ते विचारायला जड गेलं असणार. मला ती तसं कधी म्हणाली नाही.

साहेबांनी नकाशा मुखापर्यंत पूर्ण केला आणि तिथं थांबले. पुढं कोरा कागद. दोन महिने ते कॉम्प्युटरवर बसलेच नाहीत. मग एका सकाळी त्यांनी माळ्यावरून मोजणीची रंगीत पट्ट्यांची काठी काढली, काकूंना डबा भरायला सांगितला, आणि खाली येऊन मावशीला म्हणाले, "काठी धरायला एक माणूस लागतं. येता का?"

"मला त्यातलं काय कळतं?"

"काही कळायला लागत नाही. मी सांगेन तिथं सरळ उभं राहायचं."

तिघं बसनं गेली. त्या दिवशी काय झालं ते मला काकूंनी सांगितलं. मुखापाशी वारा इतका होता की दोन कानांच्या माणसालाही काही ऐकू आलं नसतं. साहेब लांबून दुर्बिणीतून बघत आणि हात हलवून खुणा करत. अजून मागं, थोडं डावीकडे, बस्स. मावशी गुडघाभर पाण्यात, साडी खोचून, काठी दोन्ही हातांनी घट्ट धरून उभी. नदी सरकली होती. जिथं साहेबांना वाळूचा दांडा आठवत होता तिथं खोल पाणी होतं, आणि दांडा पलीकडच्या काठाला जाऊन लागला होता. साहेब दुपारपर्यंत मोजत राहिले, पण काम पुरं झालं नाही. त्यांना अजून दोन-तीनदा जावं लागलं. घरी नकाशात त्यांनी नवी रेघ काढली आणि खाली तारीख टाकली. जुन्या मुखाच्या जागी आठवतं तेवढं तुटक रेघांनी काढलं आणि बाकी कोरंच ठेवलं. कुणी विचारलं तर ते सांगायचे, "ते गेलं."

त्या पहिल्या दिवशी परतीच्या बसमध्ये साहेब काठी गुडघ्यांत धरून बसल्या बसल्या झोपी गेले. मावशी ओला पदर पिळत होती. काकूंनी पिशवीतून आपला फोन काढला आणि तिच्यापुढे धरला.

"आता निवांत आहात म्हणून विचारते. हा हल्ली फार गरम होतो हो."

"कुठं ठेवता रात्री?"

"उशीखाली."

मावशीनं त्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"बरं बरं," काकू म्हणाल्या, "नाही ठेवत."